विषारी वायू आणि फुप्फुसांतली आग



मी सातवीत असतानाची गोष्ट आहे. आम्ही निफाडला राहत होतो. निफाडची थंडी तुम्हांला वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. त्या वर्षी जानेवारीत फारच कडाका पडला. आमच्या शेजारी दोघे भाऊ एका लहानशा खोलीत झोपत. एका रात्री त्यांनी कोळशाची शेगडी पेटवून आत घेतली, दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली आणि खिडकी घट्ट लावून घेतली. सकाळी दार फोडावे लागले. थोरल्याला अंगणात आणल्यावर तासाभराने शुद्ध आली. धाकटा मात्र गेला. मला आजही आठवते ते जमलेल्या बायकांचे बोलणे. ‘चेहरा बघा किती टवटवीत आहे, जसा झोपलाय!’ असे त्या म्हणत होत्या.

तो टवटवीतपणा कशाचा होता हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हीमोग्लोबिनला चिकटला की रक्ताला चेरीसारखा लालबुंद रंग येतो. ती गुलाबी छटा विषाची होती.

आता हे वाचल्यावर मी जर तुम्हांला सांगितले की, हाच वायू या क्षणी तुमच्या शरीरात तयार होतो आहे, तर तुमचा विश्वास बसेल का? थोडाथोडका नव्हे, मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे भरून. आणि हे रोगट माणसाच्या नव्हे, चांगल्या धडधाकट माणसाच्या शरीरात!

पुरावा हवा असेल तर तो तुमच्याच कातडीवर सापडेल. सायकलवरून पडून मुका मार लागला की तेथे काळानिळा डाग उठतो. हे कातडीखाली साकळलेले रक्त. चारपाच दिवसांनी त्या डागाच्या कडा हिरवट दिसू लागतात, मग तो पिवळा पडतो आणि दोन आठवड्यांत नाहीसा होतो. रक्त तांबडे, मग हिरवा रंग आला कोठून? हीमोग्लोबिनमध्ये ‘हीम’ नावाचे एक कडे असते. त्याच्या मध्यभागी लोखंडाचा एक अणू बसलेला असतो. आपल्या शरीरातले एक विकर हे कडे एका ठिकाणी तोडते. तोडले की तीन वस्तू हाती येतात : लोखंड, बिलिव्हर्डिन नावाचा हिरवा पदार्थ आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. हिरव्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते. (कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत दिसतो तो हाच पिवळा.) म्हणजे तुमच्या गुडघ्यावरचा डाग हिरवा झाला, की जितके हीम तुटले तितके त्या विषारी वायूचे रेणू तेथे सुटले असे खुशाल समजा. मार लागला नाही तरी हे काम चालूच असते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुन्या झालेल्या पेशी प्लीहेत आणि यकृतात रोज मोडीत निघतात.

माणसाच्या शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो हे स्वीडनमधील स्योस्ट्रांड यांनी १९४९च्या सुमारास दाखवले. तो तयार करणारे विकर टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड या तिघांनी १९६८ साली उजेडात आणले. पण पुढे कित्येक वर्षे सर्वांची समजूत अशीच होती की, हा वायू म्हणजे लाकूड कापताना पडणारा भुसा. नको असलेला, श्वासावाटे बाहेर टाकायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला एकदा विचारले, ‘सर, शरीराला हीम मोडायचेच आहे तर बिनविषारी रीतीने का मोडत नाही?’ मी पदार्थविज्ञानाचा माणूस. उत्तर देता आले नाही, म्हणून वाचू लागलो. त्या वाचनातून हा लेख झाला.

आधी विषाचे गणित करू. त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पट आहे. आपण २१० पट धरू. हवेत प्राणवायू २१ टक्के. हवेत कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का मिसळला, तर प्राणवायूच्या २१० रेणूंमागे त्याचा एक रेणू झाला. रेणू २१० पट कमी, ओढ २१० पट जास्त. सामना बरोबरीत सुटला! म्हणजे बराच वेळ त्या हवेत राहिले तर निम्मे हीमोग्लोबिन त्या वायूने बळकावले. खरे तर फुप्फुसांच्या आतील हवेत प्राणवायू २१ नव्हे, १४ टक्क्यांच्या आसपासच असतो, तेव्हा सामना विषाच्याच बाजूने झुकतो. येथे कोणी म्हणेल, ‘रक्तक्षय झालेल्या माणसात निम्मे हीमोग्लोबिन असूनही तो हिंडतोफिरतो की!’ बरोबर आहे. पण हा वायू एवढ्यावर थांबत नाही. तो ज्या हीमोग्लोबिनच्या रेणूवर एका जागी बसतो, त्याच्या उरलेल्या जागांवरचा प्राणवायूही इतका घट्ट धरला जातो की पेशींना तो सुटतच नाही.

३ मीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच खोली घ्या. तीत २७ घनमीटर, म्हणजे २७,००० लिटर हवा मावते. तिचा ०.१ टक्का म्हणजे २७ लिटर, दोन बादल्या वायू. २४ लिटर कार्बन मोनॉक्साइडमध्ये १२ ग्रॅम कार्बन असतो असे धरले, तर दोन बादल्यांना कोळसा लागला जेमतेम १४ ग्रॅम. बहुतेक कोळसा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, म्हणून प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक जाळावा लागेल. पण शेगडीत तो किलोने असतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये असे मोठी माणसे सांगतात, त्यामागचा हिशेब हा असा आहे.

आता फुप्फुसांकडे वळू. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांचे सगळे पापुद्रे सोडवून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. बॅडमिंटनचे मैदान साधारण एवढेच असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा काही ठिकाणी अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग इतका पातळ. इतका पातळ का असावा? एका काचेच्या पेल्यात पाणी घ्या, ते अगदी स्थिर होऊ द्या आणि तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद सोडा. पेला हलवू नका, उन्हात ठेवू नका. रंग एक सेंटिमीटर वर चढायला तास न् तास लागतील. रेणू आपण होऊन पसरतात त्याला विसरण म्हणतात आणि विसरणाचा नियम मोठा कडक आहे : अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दसपट तर वेळ शंभरपट. पाण्यातला लहान रेणू एक मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागात कापतो. एक सेंटिमीटर म्हणजे १०,००० मायक्रोमीटर. वेळ लागेल १० कोटी पट, म्हणजे सुमारे १४ तास! फुप्फुसांचा पडदा सेंटिमीटरभर जाड असता तर एका श्वासातला प्राणवायू रक्तात पोहोचेपर्यंत दिवस मावळला असता.

फुप्फुसांचा दाह होतो तेव्हा नेमका हा पडदा बिघडतो. जंतू शिरले, विषारी धूर गेला, किंवा शरीरात दुसरीकडे मोठा जंतुसंसर्ग झाला, की तेथील पेशी रासायनिक हाकाटी सुरू करतात. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, फटींतून बाहेर पडतात आणि आपली शस्त्रे चालवू लागतात. भिंती गळू लागतात, वायुकोशांत पाणी भरते. जंतूंशी लढायला हे सैन्य हवेच. पण कित्येकदा लढाई संपली तरी सैन्य परतत नाही आणि घरातल्यांनाच झोडपू लागते. मग रुग्णाला कृत्रिम श्वासाचे यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर लावावा लागतो. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, तुमच्यापैकी पुष्कळांनी आपल्याच घरात हे ऐकले असेल. जंतुनाशके जंतूंना मारतात. पण स्वतःच्याच सैन्याला ‘पुरे, आता मागे फिरा’ असे सांगणारे खात्रीचे औषध या रोगावर फार थोडे आहे. शास्त्रज्ञ वायूंकडे वळले ते यासाठी.

वायूसुद्धा शरीरात निरोप पोहोचवतात, हे प्रथम कळले ते वेगळ्याच वाटेने. अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर औषधांचे परिणाम पाहत होते. ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य घातले की रक्तवाहिनी सैल पडते असे जिवंत प्राण्यात दिसे, पण त्यांच्या पट्ट्या मात्र आकसत. १९७८ साली त्यांच्या मदतनिसाकडून कृतीत थोडा फेर झाला आणि पट्टी चक्क सैल पडली! चुकले म्हणून त्यांनी तो प्रयोग फेकून दिला असता तर? फर्चगॉट यांनी तसे केले नाही. शोध घेतल्यावर ध्यानात आले की, पट्टी तयार करताना तिच्या आतील बाजूचे अस्तर नकळत घासले जात होते. या अस्तरात पेशींचा एकच नाजूक थर असतो. अस्तर शाबूत असेल तर पट्टी सैल पडते, घासले गेले तर नाही. याचा अर्थ अस्तरातून काहीतरी निघून बाहेरच्या स्नायूला निरोप देत होते. हे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. तो ‘काहीतरी’ पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, मोटारींच्या धुरातला एक वायू, हे १९८७ साली निश्चित झाले. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल यांनी आपली संपत्ती ज्या नायट्रोग्लिसरीनवर मिळवली, ते द्रव्य छातीतल्या कळेवर औषध म्हणून दिले जाते आणि शरीरात गेल्यावर त्यातून हाच वायू सुटतो, हा योगायोग नोबेल यांना कळला असता तर!

वायू म्हटल्यावर रक्तात बुडबुडे उठत असतील अशी कल्पना करू नका. साखर पाण्यात विरघळते तसे हे रेणू विरघळलेले असतात. निरोप्या म्हणून त्यांचे गुण पाहण्याजोगे आहेत. इतर निरोपी रेणूंना पेशीच्या भिंतीवर दार ठोठवावे लागते. हे इवलेसे रेणू भिंतीतून सरळ आरपार जातात. त्यांतही नायट्रिक ऑक्साइड फार अल्पजीवी. पाच सेकंद जगला असे धरले, तर विसरणाच्या नियमाने तो साधारण ०.२ मिलिमीटर अंतर जाईल, दोन केसांच्या जाडीएवढे. जवळच्यांना हाक ऐकू जाते आणि गावभर बोभाटा होत नाही. रक्तात शिरला तर हीमोग्लोबिन त्याला तत्काळ गिळून टाकते.

बोस्टनमधील वॉरन झापोल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अल्पायुष्याचाच उपयोग करून घेतला. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे वापरात नसतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. जन्मल्यावर पहिला श्वास घेताच त्या उघडायला हव्यात. काही बाळांच्या त्या उघडत नाहीत. रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते आणि बाळ निळे पडते. रक्तवाहिन्या सैल करणारे औषध शिरेतून दिले तर ते साऱ्या अंगातल्या वाहिन्या सैल करते आणि रक्तदाब कोसळतो. पण तेच औषध वायुरूपात श्वासातून दिले तर? हवा जेथवर जाते तेथवरच ते पोहोचते, तेवढ्याच वाहिन्या उघडते आणि रक्तात पाऊल टाकताच हीमोग्लोबिन त्याचा निकाल लावते. औषध संपते कोठे, तर जेथे त्याचे काम संपते तेथेच! १९९१ साली मेंढीच्या कोकरांवर हे करून पाहिले. १९९२ साली बोस्टन आणि डेन्व्हर येथून बाळांवरील पहिले अनुभव प्रसिद्ध झाले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्या बाळांना हा वायू दिला नव्हता त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांना कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राला जोडावे लागले होते, वायू दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. १९९९च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने या औषधाला परवाना दिला.

मात्रा किती? दहा लाख भाग हवेत २० भाग. वरच्याच खोलीच्या मापाने सांगायचे तर २७,००० लिटर हवेत जेमतेम अर्धा लिटर. इतके विरळ ठेवण्यामागे एक कारण आहे. नायट्रिक ऑक्साइड प्राणवायूशी संयोग पावला की नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस वायू होतो आणि तो तर फुप्फुसांना जाळतोच. पण या संयोगाला नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू एकदम लागतात. म्हणून त्याचे प्रमाण दुप्पट केले तर संयोगाचा वेग चौपट होतो आणि दहाव्या हिश्शावर आणले तर वेग शंभराव्या हिश्शावर येतो. यासाठी हा वायू नळकांड्यात प्राणवायूशिवाय, नायट्रोजनमध्ये मिसळून ठेवतात आणि रुग्णाच्या श्वासनळीत जाण्याच्या जरासा आधी हवेत सोडतात.

मोठ्या माणसांच्या फुप्फुसदाहात मात्र या वायूने निराशा केली, हेही सांगितले पाहिजे. १९९३ साली बर्लिनहून आलेला अहवाल फार आशादायक होता. रक्तातला प्राणवायू वाढत होता. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा आढळले की, पहिल्या काही दिवसांत प्राणवायू वाढतो हे खरे, पण दगावणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. उलट काहींच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. बाळाच्या फुप्फुसांत आकसलेली वाहिनी हाच मुख्य रोग होता. येथे वाहिनी उघडली तरी दाह आपला चालूच. वास्तविक पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देण्याचा गुणही नायट्रिक ऑक्साइडमध्ये आहे, हे १९९१ साली मांजरांच्या रक्तवाहिन्यांत दिसले होते. पण हाच वायू आपल्या भक्षक पेशी जंतूंवर अस्त्र म्हणूनही सोडतात आणि दाहाच्या जागी तयार होणाऱ्या प्राणवायूच्या एका तापट रूपाशी त्याची गाठ पडली की जे संयुग बनते ते स्वकीयांनाही सोडत नाही.

आता पुन्हा आपल्या कार्बन मोनॉक्साइडकडे येऊ. हीम मोडणाऱ्या विकराचा एक प्रकार मोठा चमत्कारिक आहे. पेशी सुखात असताना तो फारसा आढळत नाही. पेशीवर संकट आले, म्हणजे उष्णता, जंतूंचे विष किंवा जखम यांपैकी काही झाले, की तो भराभर वाढतो. भुसाच पाडायचा असेल तर संकटकाळी करवत इतक्या जोरात का चालावी? १९९९ साली जपानमधल्या डॉक्टरांनी एका सहा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शरीरात हे विकर जन्मापासूनच नव्हते. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची सारखी हानी होत होती आणि दाह कधी शमतच नव्हता. पण येथे घाई करून चालणार नाही. विकर नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, तसेच बिलिरुबिनही नाही आणि न मोडलेले हीम साचते ते वेगळेच. दोष नेमका कशाच्या अभावाचा?

याचा निवाडा करायचा तर विकर बाजूला ठेवून नुसता वायू देऊन पाहायला हवा. अमेरिकेत ऑटरबाइन, चॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. त्यांनी उंदरांना जवळजवळ शुद्ध प्राणवायूत ठेवले. प्राणवायू म्हणजे जीवन हे खरे, पण ९८ टक्क्यांहून अधिक प्राणवायू सतत मिळाला तर फुप्फुसे पोळतात आणि उंदीर तीनेक दिवसांत मरतात. त्याच प्राणवायूत दहा लाखांत २५० भाग कार्बन मोनॉक्साइड मिसळला, तेव्हा फुप्फुसांत रक्तस्राव आणि पाणी कमी दिसले आणि ते उंदीर अधिक काळ जगले. हे १९९९ साली. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवले की, जंतूंच्या आवरणाचे विष दिल्यावर भक्षक पेशी जी हाकाटी करतात ती या वायूमुळे मंदावते आणि ‘शांत व्हा’ असे सांगणारे द्रव्य वाढते. भुसा म्हणून ज्याची हेटाळणी झाली तोच निरोप निघाला! माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथे आहे.

उंदीर बरे झाले, माणसांचे काय? २००५ साली व्हिएन्नात निरोगी स्वयंसेवकांना जंतुविषाची अल्प मात्रा टोचली आणि तासभर कार्बन मोनॉक्साइड हुंगवला. दाहाची हाकाटी जशीच्या तशी राहिली, काही फरक नाही. तरीही प्रयत्न सोडलेला नाही. जंतुसंसर्गामुळे फुप्फुसे बिघडलेल्या १२ रुग्णांवरच्या एका अमेरिकन चाचणीचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. मात्रा होती दहा लाखांत १०० किंवा २०० भाग, रोज जास्तीत जास्त दीड तास. रक्त वारंवार तपासून वायूने व्यापलेले हीमोग्लोबिन १० टक्क्यांच्या आत ठेवले होते. ही चाचणी फक्त वायू सोसतो की नाही एवढेच पाहण्यासाठी होती. तो सोसला. गुण येतो की नाही हे ठरवायला १२ रुग्ण पुरत नाहीत.

येथे वर्गातल्या मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, ‘सर, मग विडी ओढणाऱ्यांची फुप्फुसे ठणठणीत हवीत!’ विडीच्या धुरात हा वायू असतो खरा, पण त्याच्या जोडीला दाह पेटवणारी हजारो द्रव्ये असतात. चुलीत रॉकेल ओततानाच चमचाभर पाणी शिंपडण्याचा हा प्रकार झाला.

तिसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. आमच्या कॉलेजच्या रसायनशाळेत किपच्या उपकरणातून तो सुटला की सडक्या अंड्यांचा वास दोन मजले पसरे आणि आम्हांला दारे लावून तास घ्यावा लागे. हसण्यावारी नेण्याचा हा वायू नव्हे. गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरणारे कामगार याच्यामुळे प्राणास मुकतात. दहा लाखांत शंभराच्या आसपास भाग झाले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असा घात करणारा समज होतो. हाही वायू आपल्या पेशी तयार करतात. तो मेंदूत निरोप्याचे काम करीत असावा, असे आबे आणि किमुरा या जपानी संशोधकांनी १९९६ साली मांडले. लसणीतल्या गंधकयुक्त द्रव्यांपासून तांबड्या पेशी तो बनवू शकतात, हे २००७ साली दिसून आले. दहा लाखांत ८० भाग दिले तर छोटे उंदीर जणू शीतनिद्रेत जातात, हे २००५ साली दिसले तेव्हा फार गाजावाजा झाला. मेंढ्यांवर तसे काही घडले नाही. व्हेंटिलेटरच्या दाबाने फुप्फुसांना होणारी इजा या वायूमुळे टळते असे २०१० साली जर्मनीतील प्रयोगात उंदरांवर आढळले, तर २०११च्या दुसऱ्या एका प्रयोगात, तशाच उंदरांवर, हुंगवलेल्या वायूने इजा वाढली. त्याचेच सोडियमचे संयुग शिरेतून दिले, तेव्हा मात्र संरक्षण मिळाले. माझ्या मते या तिघांत याचेच प्रकरण सर्वांत कच्चे आहे.

हे सारे प्रयोग अर्थातच दवाखान्यातले आणि प्रयोगशाळेतले. यांतला कोणताही वायू घरी तयार करण्याच्या भानगडीत पडू नका. पण एक गोष्ट तुम्हांला करता येईल. आपल्या नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि श्वासाबरोबर थोडा थोडा फुप्फुसांत जातो. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली मोजून पाहिले, तेव्हा तोंड मिटून गुणगुणताना नाकावाटे बाहेर पडणारा हा वायू नुसत्या उच्छ्वासाच्या १५ पट भरला. गुणगुणण्याने हवा मागेपुढे कंप पावते आणि पोकळीतली कोंडलेली हवा बाहेर खेचली जाते. भ्रामरी प्राणायाम करणाऱ्यांनी यावरून लगेच दमा बरा झाल्याचे जाहीर करू नये, तेवढे काही यातून सिद्ध होत नाही. दम्याच्या रुग्णांच्या उच्छ्वासात तर हा वायू मुळातच जास्त असतो, कारण दाह झालेल्या श्वासनलिका तो अधिक बनवतात. त्याचाच उपयोग करून डॉक्टर आता रुग्णाला एका नळीत संथपणे फुंकायला सांगतात आणि शंभर कोटी भागांत तो किती भाग आहे हे उपकरणावर वाचतात. मोठ्या माणसात हा आकडा २५च्या खाली असला तर या जातीचा दाह बहुधा नाही, ५०च्या वर गेला तर बहुधा आहे.

आणि पुढच्या वेळी गुडघा फुटला नाही, नुसता मुका मार लागला, तर डागाचा रंग रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो दिवसाच्या उजेडात, वहीत नोंदवा. हिरवा रंग कितव्या दिवशी दिसला, कडेला आधी दिसला की मध्यभागी, आणि तुमच्या मित्राच्या डागाला तितकेच दिवस लागले का?